संध्याकाळचा बिघाड

साहेबांनी यंत्रातून काढलेले दोन्ही सर्किट बोर्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि छोटूला बसायलाही सांगितलं नाही. कारखान्याने ते तपासून परत पाठवले होते. दोन्ही धडधाकट निघाले. वॉरंटीत बदलून घेतलेला बोर्ड असा चांगल्या तब्येतीत परत आला की वरून जाब विचारला जातो. इथे तर ज्या घरासाठी ते बदलले, ते घर छोटूच्या सख्ख्या बहिणीचं होतं. घरच्यांवर मेहेरबानी चाललीय, असं वर कोणीतरी म्हणालं होतं. साहेबांनी ते वाक्य जसंच्या तसं छोटूला ऐकवलं आणि नव्या लोकांना शिकवायचं काम यापुढे दुसरा माणूस बघेल, असं सांगून फोन उचलला. बोलणं संपलं होतं.

छोटू हे त्याचं घरातलं नाव. भावंडांत शेवटचा म्हणून पडलं, आणि दारातून मान वाकवून जावं लागेल एवढा उंच झाला, कानशिलावरचे केस पिकले, तरी तेच राहिलं. कामावरही कोणाच्या तरी तोंडून ते फुटलं आणि मग सगळेच छोटू म्हणू लागले. घरं गरम आणि गार ठेवणारी यंत्रं बसवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. त्याने शिकवलेली माणसं आज स्वतःच्या व्हॅन घेऊन फिरत होती. त्याच शिकवण्यावर त्याचा जीव होता, आणि तेच काढून घेतलं होतं. तो पार्किंगमध्ये आला, व्हॅनचं दार त्याने असं आपटलं की आतला हत्यारांचा डबा खाली पडला. मग डबा उचलून नीट ठेवण्याऐवजी तसाच लाथेने आत सारला आणि थेट ताईच्या घराकडे निघाला.

ते यंत्र त्यानेच सुचवलं होतं, त्यानेच बसवलं होतं. जुना थर्मोस्टॅट म्हणजे साधं प्रकरण असतं. घर गार पडलं की तो एका वायरीतून वीज सोडतो, यंत्र चालू होतं, घर तापलं की बंद. हा नवा थर्मोस्टॅट बोलणारा होता. भिंतीवरचा त्याचा स्क्रीनचा पडदा, तळघरातलं यंत्र आणि घराबाहेरचं युनिट अशी तिघं चार बारीक वायरींवरून सतत एकमेकांशी बोलत असतात. दोन वायरींतून वीज जाते, दोन वायरींतून निरोप जातात. कोणी किती तापलंय, किती जोराने चालायचं, सगळं ठरवून होतं. त्यामुळे घर एकसारखं उबदार राहतं आणि यंत्राचा आवाजही येत नाही. मात्र निरोप अडला की पडद्यावर लाल अक्षरं उमटतात, 'आतल्या युनिटशी संपर्क नाही', आणि सगळं जागच्या जागी थांबतं.

ताईकडे हेच होत होतं. थंडी सुरू झाल्यापासून लाल अक्षरं येत, घर गारठत जाई, आणि सकाळी आपोआप सगळं ठीक होई. छोटू पहिल्यांदा गेला तेव्हा भर दुपार होती आणि यंत्र अगदी शहाण्यासारखं चालत होतं. त्याने सगळे पेच घट्ट केले, यंत्रातला बोर्ड बदलला. काही दिवसांनी पुन्हा तक्रार आली. तो पुन्हा दुपारी गेला, पुन्हा बोर्ड बदलला. दोन्ही वेळा त्याने विचारलं होतं की कोणी कशाला हात लावलाय का. दोन्ही वेळा भावोजी नाही म्हणाले होते.

वायरीवर त्याला शंका घ्यावीशी वाटली नाही. थर्मोस्टॅटपासून तळघरापर्यंत ती त्याने स्वतःच्या हाताने टाकली होती, एकसंध, मधे कुठेही जोड नाही. मधल्या काळात ताईने फोन करून बरंच काही सांगितलं होतं. संध्याकाळ, सासूबाईंची खोली, दिवा असं काहीतरी. तो तेव्हा कुठल्याशा छपरावर वाऱ्यात उभा होता आणि त्याने ते अर्ध्या कानाने ऐकलं होतं.

भावोजींचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. ताई पडद्यावर सारखी बोटं नाचवते, म्हणून यंत्र बिघडतं. ते हे चारचौघांत, हसत हसत सांगत. भावोजी एका मोठ्या गोदामात देखरेखीच्या कामावर होते आणि घरी हौशी कारागीर. ड्रिल हातात आलं की त्यांना समोर फक्त भिंत दिसे. घरातलं प्रत्येक फडताळ त्यांनी स्वतः ठोकलेलं होतं आणि त्यातलं प्रत्येक जरासं एका बाजूला कललेलं होतं. पण ते कललंय हे म्हणायची सोय नव्हती. ताईच्या सासूबाईंनी मुलाचं म्हणणं उचलून धरलं. गारठ्याने त्यांचे गुडघे धरत, छातीत कफ साठे, आणि मग त्या सुनेला म्हणत, बोटं आवर जरा, तुझ्या खेळापायी माझा जीव जाईल.

छोटू पोचला तेव्हा उजेड उतरू लागला होता. दार ताईनेच उघडलं. अंगात दोन स्वेटर, वरून शाल. त्याचं तोंड बघूनच तिने काय झालं ते विचारलं नाही, नुसती बाजूला झाली. भावोजी नुकतेच कामावरून आले होते आणि बूट काढत होते. छोटूला पाहून ते म्हणाले की बरं झालं आलास, तुझं हे लाडकं यंत्र उचलून घेऊन जा आणि आम्हाला साधा हीटर बसवून दे. छोटूने दात आवळले. भावोजी वयाने मोठे, मोठ्या बहिणीचा नवरा. त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलायचं नाही हे त्याच्या अंगात मुरलं होतं.

तो सासूबाईंच्या खोलीत डोकावला. कानटोपी, हातमोजे, दोन पांघरुणं घेऊन त्या पलंगावर बसल्या होत्या. उशाशी भिंतीवर नवा दिवा होता आणि त्याच्या उजेडात त्या भिंग लावून मासिक वाचत होत्या. तो दिवा त्याने आधीही पाहिला असणार, पण दुपारी तो विझलेला असे. त्यांनी छोटूकडे बघितलं आणि विचारलं, "आज नुसतं बघून जाणार आहेस की काही करणार पण आहेस?"

"आज करूनच जाणार आहे, मावशी," तो म्हणाला.

खोलीच्या त्याच भिंतीवर, बाहेरच्या अंगाला, लाल अक्षरं होती. इतक्या दिवसांत बिघाड त्याच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा होता. त्याने थर्मोस्टॅट भिंतीवरून काढला, तळघरात नेला, भिंतीतून येणारी वायर यंत्रापासून सोडवली आणि खिशातल्या हातभर नव्या वायरीने थर्मोस्टॅट थेट यंत्राला जोडला. क्षणभर पडदा कोरा राहिला. मग यंत्राचं नाव उमटलं, पाठोपाठ बाहेरच्या युनिटचं, आणि पंखा सुरू झाला. तो तिथेच पायरीवर बसून राहिला. यंत्र चालतच राहिलं. एकदाही अडखळलं नाही.

बोर्ड चांगला होता. थर्मोस्टॅट चांगला होता. वाईट होती ती भिंतीतली वायर. हा हातभर वायरीचा प्रयोग तो नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायचा, आणि बहिणीच्या घरात त्याने स्वतः तो केला नव्हता. त्याला स्वतःचाच इतका संताप आला की त्याने हातातली पक्कड फरशीवर फेकली. वरून भावोजींनी विचारलं की काय फुटलं.

भिंतीतली वायर पुन्हा यंत्राला जोडून, थर्मोस्टॅट वर नेऊन त्याने भिंतीवर लावला. लाल अक्षरं. निरोपाच्या दोन वायरींवर मीटर धरलं तर आकडे नाचत होते, एक क्षण स्थिर नव्हते. तो तसाच मीटर धरून उभा असताना आत सासूबाईंचे डोळे दुखले असावेत. त्यांनी दिवा बंद केला. मीटरवरचे आकडे थांबले. पडद्यावरची लाल अक्षरं गेली आणि तळघरात पंखा घुमू लागला.

छोटू हललाही नाही. मग त्याने हाक मारून सांगितलं, "मावशी, दिवा पुन्हा लावा."

त्या म्हणाल्या की आत्ता तर बंद केला. पण लावला. आकडे पुन्हा नाचायला लागले. त्याने बंद करायला सांगितला, बंद केला. पुन्हा लावायला सांगितला. सासूबाई चिडल्या. "मी काय तुझ्या हाताखाली कामाला आहे का," त्या म्हणाल्या, पण आता त्यांनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्या पांघरूण सारून पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. दिव्याला उजेड कमी-जास्त करायचं एक गोल बटण होतं, आणि रात्रभर त्या तो मंद ठेवून झोपत. ते जितकं मंद करावं तितके आकडे जास्त उड्या मारत.

त्याने भावोजींना बोलावलं. आवाज जमेल तितका खाली ठेवून विचारलं की हा दिवा कोणी लावला. भावोजी अभिमानाने म्हणाले, मीच, थंडी पडायच्या आधी, आईला वाचायला त्रास होत होता. वीज कुठून घेतली, असं विचारल्यावर म्हणाले, भिंत पोकळच आहे, आतून घेतली. छोटूने विचारलं की त्याच पोकळीतून माझी वायर जाते, तिला काही झालं का. भावोजी म्हणाले की तुझी वायर कुठे, माझा दिवा कुठे. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने शालीचं टोक मुठीत घट्ट धरलेलं होतं.

"मग मला भिंत उघडावी लागेल," छोटू म्हणाला.

भावोजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रंग आत्ता दिलाय, माझ्या घराची भिंत आहे, तुला काय सापडायचं ते वायर ओढून बघ, भिंत फोडायची नाही. छोटूने ऐकलं नाही. त्याने बोटांनी ठोकत ठोकत थर्मोस्टॅटच्या खालची जागा चाचपली. गुडघ्याच्या उंचीला एके ठिकाणी आवाज बदलला, रंगाखाली लांबी-पुट्टीचा थर हाताला लागला. त्याने करवत घातली. भावोजी त्याचा दंड धरायला पुढे आले, पण छोटूने मान वळवून एकदाच त्यांच्याकडे बघितलं आणि ते जागीच थांबले.

चौकोनी तुकडा निघाला. आत बॅटरीच्या उजेडात सगळं लख्ख दिसत होतं. त्याची वायर मधोमध तुटलेली होती. दोन टोकांच्या मधे जुन्या टेलिफोनच्या वायरीचा तुकडा होता, टोकं नुसती बोटांनी पिळलेली, वर काळी चिकटपट्टी, आणि ती चिकटपट्टीही उबेने सुटत आलेली. एवढ्यावर भागलं नव्हतं. जागा वाचावी म्हणून तो जोड दिव्याच्या वायरीला दोरी गुंडाळावी तसा गुंडाळून ठेवलेला होता.

भावोजी वाकून आत बघत म्हणाले, "हां, हे. हे किरकोळ होतं. ड्रिल जरा लागलं होतं. मी लगेच जोडून टाकली."

"मी तुम्हाला विचारलं होतं, भावोजी. दोनदा."

"तू विचारलंस थर्मोस्टॅटला हात लावला का. थर्मोस्टॅटला मी कुठे हात लावला?"

छोटू उठून उभा राहिला. तो बोलायला लागला आणि मग त्याला थांबताच आलं नाही. 'अहो' त्याने सोडलं नाही, पण त्या 'अहो'ला धार आली होती. तो म्हणाला की तुमच्या या चिकटपट्टीपायी आज मला खोटारडा ठरवलं. इतकी वर्षं लोकांना शिकवत आलो, ते काम गेलं. तुमची आई घरात कानटोपी घालून झोपते आणि तुम्ही वरून रंग मारून मोकळे झालात. एक वाक्य बोलायचं होतं. ड्रिल लागलं, एवढंच. ते बोलायला तुमची जीभ का झडली?

भावोजीही तापले. माझ्या घरात उभा राहून माझ्यावर आवाज चढवायचा नाही, म्हणाले. "आणि दोन-दोनदा येऊन गेलास तेव्हा तुला का नाही सापडलं? एवढा मोठा कारागीर ना तू?"

हे छोटूच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. तो ताईकडे वळला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं?"

"होतं," ताई म्हणाली. "वायर तुटली तेव्हा मी इथेच होते. चिकटपट्टी मीच शोधून दिली."

"ताई, माझी नोकरी पणाला लागली. तू माझी बहीण आहेस."

"बहीण आहे म्हणूनच फोन केला होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "संध्याकाळीच होतं म्हणून सांगितलं. आईंचा दिवा लागला की होतं, हेसुद्धा सांगितलं. याहून जास्त मी काय सांगणार होते? ह्यांनी विषय काढायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि मला इथे राहायचंय. तू काय म्हणालास ते आठवतं का तुला?"

छोटूला आठवलं. त्याचा चेहरा उतरला.

"दिव्याचा काय संबंध, ताई, असं म्हणालास. आणि मग म्हणालास, तू बटणं दाबत बसतेस का सारखी." ती क्षणभर थांबली. "हे म्हणाले, ठीक आहे, ह्यांना लपवायचं होतं. आई म्हणाल्या, त्यांना माहीत नव्हतं. पण तुला यातलं कळतं ना? तरी तूही तेच म्हणालास. संध्याकाळ झाली की मी या पडद्यासमोरून जायची नाही. मागच्या दाराने फिरून जायची. स्वतःच्या घरात."

ताईने नवऱ्याकडे बघितलं आणि सांगितलं की आत जा आणि आईंना सांगा, मी काही दाबलं नव्हतं. बाकी काही सांगू नका, एवढंच सांगा. भावोजी म्हणाले की आईला आता कशाला त्रास, सापडलं ना, विषय संपला. जरा चहा टाक सगळ्यांसाठी, डोकी शांत होतील.

खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "मी बहिरी नाही."

भावोजी दाराकडे दोन पावलं गेले, मग परत फिरले आणि बूट उगाच सरळ करून ठेवू लागले. ताई स्वयंपाकघराऐवजी आपल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा अंगात कोट होता आणि हातात पिशवी. छोटूला म्हणाली की मी तुझ्याकडे येतेय काही दिवस. तो लगेच हत्यारं गोळा करू लागला, तेव्हा तिने त्याला अडवलं. "आधी वायर बदल. आईंना थंडी वाजतेय."

ती जिन्याच्या पायरीवर कोट घालून बसून राहिली आणि त्याने काम केलं. जुन्या वायरीचा उपयोग नव्हता. त्याने पोकळीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, दिव्याच्या वायरीपासून लांब, नवी एकसंध वायर खाली सोडली. भावोजी बॅटरी धरायला पुढे आले. छोटू म्हणाला, राहू द्या. ते बॅटरी घेऊन तसेच उभे राहिले आणि उजेड भलतीकडेच पडत राहिला. तळघरात चारही टोकं आपापल्या जागी बसवून, यंत्र चालू करून तो वर आला, खोलीत गेला आणि न विचारता स्वतःच दिवा लावला, मंद केला, प्रखर केला. पडदा ढळला नाही. गरम हवेची पहिली झुळूक पलंगापाशी आली, तशी सासूबाईंनी कानटोपी काढली. केस विस्कटलेले होते. त्या छोटूकडे न बघता ताईकडे बघत होत्या. ताई आत आली, तिने रात्रीच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, पाण्याचं भांडं भरलं, पांघरूण सारखं केलं.

दाराशी भावोजींनी तिला गाठलं. हे काय नाटक चालवलंयस, शेजारी काय म्हणतील, एका वायरीसाठी कोणी घर सोडतं का. आणि जेवणाचं काय?

"तुम्हाला भिंत फोडता येते, जोडता येते, रंगवता येते," ताई म्हणाली. "अंडी उकडायला जमेल तुम्हाला."

व्हॅनमध्ये ती समोर बघत बसली. सिग्नलला थांबल्यावर छोटू म्हणाला, चुकलं माझं. ती म्हणाली, "आत्ता नको बोलूस. मला अजून राग येऊ दे." त्याने मान हलवली आणि व्हॅन घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. जोड दाखवला, काळ्या चिकटपट्टीसकट. हातभर वायर जोडून बघायला हवी होती, मी बघितली नाही, हेही सांगितलं. त्याला वाटलं होतं की खरं बोलल्यावर साहेब विरघळतील. साहेबांनी तो जोड उलटसुलट करून बघितला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले की बरं झालं सापडलं. शिकवायचं काम मात्र दुसऱ्याकडेच राहिलं. छोटू बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. या वेळी दार आपटावं असं वाटूनही त्याने आपटलं नाही, कारण कोणावर आपटायचं तेच त्याला ठरवता येईना.

ताई त्याच्याकडे राहिली. छोटूच्या बायकोने तिला कशातही हात लावू दिला नाही, आणि पहिले दोन दिवस ताईला ते बरंही वाटलं. भावोजींचे फोन येत. कपडे धुवायच्या यंत्रात साबण कुठे टाकायचा, आईच्या कफाचं औषध कुठल्या कपाटात आहे. ताई तेवढंच सांगून ठेवून देई. तिला जे ऐकायचं होतं ते भावोजी बोलत नसत, आणि दर फोननंतर तिचा राग नव्याने तापे. छोटूवरचा राग हळूहळू निवला. एकदा भांडी पुसता पुसता तिने त्यालाच विचारलं की त्या दिव्याने नेमकं काय होत होतं. त्याने टेबलावर चमचे मांडून दाखवलं की एका वायरीतला गोंगाट दुसरीतल्या निरोपावर कसा चढतो. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे मी म्हणत होते तेच. तो म्हणाला, हो, तू म्हणत होतीस तेच.

मग एके दिवशी सासूबाईंचा फोन आला. त्यांना फोन लावायचा कंटाळा, त्या सहसा दुसऱ्याकडून लावून घेत. या वेळी स्वतः लावला होता. म्हणाल्या, "त्याला मी समोर बसवून विचारलं. झालं ते झालं म्हणतो. तो नाही बोलायचा, त्याचा बापही असाच होता. म्हणून मीच बोलते. नाही नाही ते बोलले मी तुला. बोटं आवर म्हटलं." मधे खोकल्याची उबळ आली. "यावंसं वाटलं तर ये. नाही वाटलं तर नको येऊस, पण मला फोन करत जा. इथे माझ्याशी बोलायला कोणी नाही."

ताईने फोन ठेवला आणि छोटूच्या बायकोला म्हणाली की बघ, ज्याने म्हणायचं त्याने नाहीच म्हटलं, म्हातारीने म्हटलं. ती रडली नाही. पण त्या आठवड्याच्या अखेरीस ती परत गेली. छोटूने तिला सोडलं आणि तो आत गेला नाही. पुढेही त्या घरातल्या यंत्राची देखभाल त्याने आपल्या हाताखालच्या माणसाकडे दिली. भावोजींशी तो अजूनही 'अहो' म्हणूनच बोलतो, लग्नकार्यात, कामापुरतं.

ताई घरात शिरली तेव्हा भावोजींनी पाटीत लांबी कालवून ठेवली होती, शेजारी रंगाचा डबा. ती आली म्हणून त्यांना बरं वाटलं होतं आणि ते लपतही नव्हतं. ते म्हणाले की हे भोक बुजवून टाकतो, आजच्या आज, कुठे होतं ते कळणारही नाही. ताईने पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं की बुजवायचं नाही. मी सांगेन तेव्हा बुजवायचं. भावोजींनी तिच्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. लांबी पाटीतच वाळून दगड झाली.

येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत ते भोक लगेच भरे, ऐन दारासमोर होतं. कोणी विचारलं की ताई काहीतरी काम काढून आत जाई आणि उत्तर द्यायचं नवऱ्यावर सोडी. सुरुवातीला ते यंत्राचं काम काढलंय असं म्हणत. मग पलीकडून सासूबाई खाकरत, आणि भिंतीला भोक असल्याने ते खाकरणं बाहेर स्पष्ट ऐकू येई. थंडी सरत आली होती तेव्हा शेजारच्या बाई काहीतरी मागायला आल्या. त्यांनीही विचारलं. भावोजींनी आईच्या खोलीकडे एकदा बघितलं.

"दिवा लावताना वायर तुटली होती," ते म्हणाले. "माझ्याकडून. हिचा काही संबंध नव्हता."

ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिने ऐकलं. तिचे हात थांबले नाहीत. शेजारच्या बाई गेल्यावर भावोजी दारात येऊन उभे राहिले, ती काहीतरी बोलेल म्हणून. ती म्हणाली की हात भरलेत माझे, तेवढा पाण्याचा नळ सोडा.